पहारा बदलताना

मी सुई आणायला गेले होते, तिथून सुरुवात करते. शिडाचं कापड शिवायची जाड सुई सगळीकडे मिळत नाही. आमच्या धक्क्याच्या टोकाला दोरखंड, साखळ्या, रंग असलं बोटीचं सामान विकणारं एक दुकान होतं, तिथेच जावं लागायचं. जुना मालक गाव सोडून गेला होता आणि एका तरुण माणसाने ते नुकतंच चालवायला घेतलं होतं. बोलका होता. सुई कागदात गुंडाळता गुंडाळता त्याने सहज विचारलं, "काकू, काकांना हल्ली झोप येत नाही का? मी पहाटे दुकान उघडायला येतो तेव्हा बघतो ना, रोज आपले चाकाशी बसलेले असतात. थंडीचं जरा जपा म्हणावं."

"सांगते," मी म्हटलं.

सुई घेतली आणि बाहेर आले. आमच्या ह्यांना जाऊन तेव्हा दोन-तीन महिने होऊन गेले होते. त्या बिचाऱ्याला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. मी घाबरले नाही, हे आधीच सांगून टाकते. मला आनंद झाला. इतके दिवस जे फक्त मला ऐकू येत होतं ते आता दुसऱ्या कोणाला तरी दिसलं होतं, म्हणजे माझं डोकं ठिकाणावर होतं. परत येताना मी चक्क गुणगुणत होते.

भुतं मध्यरात्री येतात असं लहानपणापासून ऐकत आले. माझं पहाटे यायचं, आणि त्याला कारण होतं. ते कळायला आमचा संसार थोडा कळायला हवा.

हे लिफ्टची दुरुस्ती करायचे. उभी हयात अंधाऱ्या खड्ड्यात दिवा धरून लोंबकळण्यात गेली. निवृत्त झाले त्या दिवशी जेवता जेवता म्हणाले, "आयुष्यभर वर-खाली केलं. आता आडवं जायचं." मला वाटलं, पाठ दुखत असेल, पडायचं म्हणतायत. तर ह्यांना शिडाची बोट घ्यायची होती, आणि तिच्यावर राहायचं होतं. साठी बुद्धी नाठी म्हणतात, ते मी तिथल्या तिथे ऐकवलं. लेक म्हणाली, "आई, निदान तू तरी शहाण्यासारखी वाग." नाही वागले. माझा शिवणाचा क्लास होता तो बंद केला, घराला कुलूप लावलं, आणि ह्यांच्यामागे बोटीवर राहायला गेले.

बोट म्हणजे काय, एक लांबट खोली. दोन बाजूंना दोन बर्थ, मध्ये टेबल, कोपऱ्यात चूल. चार पायऱ्यांची शिडी चढून झाकण सरकवलं की वर उघड्यावर, समोर चाक. चाक नेमकं माझ्या बर्थच्या डोक्यावर यायचं. त्यामुळे हे वर बसलेले असले की ह्यांची पावलं माझ्या कपाळापासून एका फळीच्या अंतरावर असायची. ह्यांनी पाय हलवला तरी मला कळायचं. पहिले काही दिवस त्या आवाजाने डोळ्याला डोळा लागला नाही, आणि नंतर नंतर त्याच्याशिवाय लागेना.

कामं आपोआप वाटली गेली. शिडं शिवणं, चूल, पाणी, वायरलेसवर हवामान ऐकणं माझं. इंजिन, नांगर, नकाशा आणि सगळे दोर ह्यांचे. बोटीवर राहणारी नवरा-बायको जी चूक हमखास करतात ती आम्हीही केली. ज्याला जे येतं ते त्यानेच करायचं. पटकन होतं आणि भांडण टळतं. मी कधीतरी म्हणायची, "अहो, मला एकदा इंजिन दाखवा ना." हे म्हणायचे, "दाखवीन गं. मी कुठे पळून चाललोय?"

लांबच्या प्रवासात रात्री कोणीतरी जागं लागतं. रात्र ह्यांची, पहाटेपासून मी. आणि पहारा बदलायची एक रीत होती. ज्या म्हाताऱ्याकडून बोट घेतली त्याने ती ह्यांना शिकवली होती, आणि हे ती शपथेसारखी पाळायचे. मला उठवायला हे झाकणावर दोनदा टकटक करायचे. मी वर यायची, पाण्यात पडू नये म्हणून अंगावर बांधलेला पट्टा कड्यात अडकवायची, चाकावर हात ठेवायची. हे म्हणायचे, "बोट तुझी." मी म्हणायची, "बोट माझी." माझं म्हणून झाल्याशिवाय ह्यांचा हात निघायचा नाही. दोघांनाही वाटतं की दुसऱ्याने धरलंय, आणि चाक मोकळं राहतं, बोटी बुडतात त्या अशा, असं तो म्हातारा सांगायचा. एकदा मी मुद्दाम गप्प बसले. गंमत. ह्यांचे डोळे तांबारलेले, गुडघे लटपटत होते, पण चाक धरून उभे ते उभेच. शेवटी म्हणाले, "अगं, बोल की बाई. मेलो मी झोपेने."

दुसरा एक नियम होता. ज्याला सगळं येत नाही त्याच्या हाती पूर्ण बोट द्यायची नाही. म्हणून मला देताना हे नेहमी एक शेपूट जोडायचे. "बोट तुझी. मी खालीच आहे." आणि खाली जाऊन माझ्याच बर्थवर, मी उठल्यावर जी ऊब राहिलेली असायची तिच्यात आडवे व्हायचे. वारा वाढला, इंजिनाने कुरकुर केली की मी हाक मारायची आणि हे उठून यायचे. आमचं चांगलं चाललं होतं. खरंच चांगलं चाललं होतं.

त्या दिवशी टकटक झाली नाही. मी आपली आपण जागी झाले तेव्हा झाकणाच्या फटीतून ऊन थेट तोंडावर आलं होतं. आधी मला रागच आला. हे मधूनमधून असं करायचे, मला झोपू द्यायचे आणि मग दिवसभर जांभया देत बसायचे. "उठवलं का नाहीत?" असं म्हणतच मी शिडी चढले. हे चाकाशी बसले होते. पट्टा अडकवलेला, कानटोपी भुवयांपर्यंत ओढलेली, दोन्ही हात चाकावर. बोट सरळ चालली होती. मी खांद्याला हात लावला, आणि मग तो काढून घेतला.

त्या एका दिवसात मला काय काय येत नाही ते समजलं. इंजिन सुरू करता आलं नाही. मोठं शीड एकटीने उतरवता आलं नाही. आपण नकाशावर कुठे आहोत ते सांगता आलं नाही. वायरलेस तेवढा येत होता, त्याच्यावर रडत रडत बोलले. मासेमारीची एक बोट येईपर्यंत संध्याकाळ झाली. तोवर मी ह्यांच्या शेजारी बसून होते आणि बोट हेच चालवत होते. आता दुसरं काय म्हणू? वारा फिरला की चाक थोडं फिरायचं, आणि पुन्हा जागेवर यायचं. हाताच्या वजनाने होत असेल. बंदरात दोन माणसांना मिळून ह्यांचे हात चाकावरून सोडवावे लागले. त्या वेळी मी ते दोन शब्द बोलायला हवे होते, पण मला काही सुचत नव्हतं.

सगळं उरकल्यावर लेक मला न्यायलाच आली. बोटीवर उभी राहून तिने चारी बाजूंना पाहिलं आणि रुमाल नाकाला लावला.

"आई, चल आता. बास झालं हे."

"सामान आवरायचंय अजून."

"माणसं लावून आवरून घेऊ."

"तुझ्या बाबांच्या वस्तूंना परक्याचा हात नको. आवरते आणि येते."

"नक्की येशील ना?"

"अगं, मी कुठे पळून चाललेय?" मी म्हटलं, आणि माझ्या तोंडून कोणाचं वाक्य आलं ते दोघींनाही कळलं. ती तोंड फिरवून डोळे पुसत राहिली.

ती गेली त्याच्या दुसऱ्या पहाटे पहिल्यांदा ऐकू आलं. बोट धक्क्याला बांधलेली, पाणी अगदी निवांत, डोलकाठीवरची दोरीसुद्धा वाजत नव्हती. मी जागीच होते. डोक्यावरच्या फळीवर एक पाऊल सरकलं. मग दुसरं. मग चाक करकरलं, जसं त्याच्यावर भार देऊन कोणी बसलं की करकरतं. आणि झाकणाच्या फटीतून वास आला. ओली लोकर आणि डिझेल. आमच्या ह्यांचा वास, बाकी कोणाचा असणार? मी श्वास रोखून पडून राहिले. उजाडल्यावर वर गेले तर कोणी नव्हतं. पण बोटीचे दोर सैल केलेले होते. ओहोटीला पाणी खाली जातं तसे दोर थोडे सोडावे लागतात, नाहीतर बोट धक्क्याला टांगली जाते. मला ते कधी जमलं नव्हतं. ते कोणीतरी रात्रीतून केलं होतं, आणि नीट केलं होतं.

मग रोजच ऐकू येऊ लागलं. कधी इंजिनाचं झाकण पुसलेलं असायचं, कधी नांगराची साखळी नीट वेटोळं घालून ठेवलेली. लेकीचा फोन आला की मी म्हणायची, चाललंय गं आवरायचं. मी एक कपबशीसुद्धा हलवली नव्हती. दिवसा झोपायची आणि पहाटेची वाट बघत पडायची. वर पाऊल वाजलं की अंगातून ताण निघून जायचा. ती दुकानदाराची गोष्ट याच दिवसांतली. माणूस गेल्यावर लोक फोटोपुढे बसतात. मला तर रोज पावलं मिळत होती. मी किती श्रीमंत होते ते तुम्हाला सांगून कळणार नाही.

मग ती पावलं बदलली.

आधी नुसती जड झाली. नंतर फरफटू लागली. एक पाय पडायचा आणि दुसरा त्याच्यामागे घासत यायचा. चाकाची करकर थांबायचीच नाही, जणू कोणी तोल सावरायला त्याला लटकलंय. दोरांच्या गाठी वाकड्यातिकड्या दिसायला लागल्या, एकदा तर सुटलेल्याच. ह्यांच्या हातची गाठ कधी सुटली नव्हती. आणि श्वास ऐकू यायचा, थकलेल्या माणसाचा, दर वेळी शेवटी थोडा अडकणारा. मी बर्थवर पडल्या पडल्या म्हणाले, "अहो, झोपा ना आता."

श्वास थांबला. आणि मग झाकणावर, दोनदा, टकटक.

मी अंधारात पट्टा शोधला, अंगावर चढवला आणि वर गेले. तांबडं फुटत होतं. धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. चाक दवाने ओलं होतं, फक्त दोन ठिकाणी कोरडं, दोन तळव्यांएवढं. मी त्याच्या शेजारी हात ठेवले. चाक थरथरत होतं. बांधलेल्या बोटीचं, पाणी स्थिर असताना.

"बोट माझी," मी म्हटलं. "ऐकलंत ना? माझी. जा, झोपा."

काही झालं नाही. मी पुन्हा म्हटलं. मग माझ्या लक्षात आलं की मी उलट्या टोकाने सुरू केलं होतं. आधी ह्यांनी म्हणायचं असतं. आणि हे म्हणणार नव्हते, कारण शेपूट जोडता येत नव्हतं. मी खालीच आहे, हे आता खरं राहिलं नव्हतं. ज्या बाईला इंजिन सुरू करता येत नाही तिच्या हाती हे बोट सोडून जाणार नव्हते. थकून पडतील, पण सोडणार नाहीत. असा हेकट माणूस होता तो. मी चाकाशेजारी खाली बसले आणि पहिल्यांदा मोकळेपणाने रडले.

शेजारच्या बोटीवर दाताचे डॉक्टर राहायचे. निवृत्त, बायको केव्हाच गेलेली, आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसायची सवय. मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, "डॉक्टर, मला बोट शिकायची आहे. सगळी."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "विकायची नाही का?"

"नाही."

"या वयात नाकी नऊ येतील, वहिनी."

"येऊ द्या."

दुसऱ्या दिवशीपासून शिकवणी सुरू झाली. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलेल्या माणसाला शिकणं फार जड जातं. क्लासातल्या मुलींनी टीप वाकडी घातली की मी डोळे वटारायची, आता डॉक्टर वटारायचे. इंजिनात हवा शिरली की ते धापा टाकून बंद पडतं, ती हवा एक छोटा स्क्रू सैल करून काढायची असते. "दात काढण्यासारखंच आहे," डॉक्टर म्हणायचे, "फक्त पेशंट ओरडत नाही." तेलाने माझी साडी गेली, मग ह्यांच्या पँटी आखूड करून घातल्या. हात सोलवटले. नांगर टाकताना साखळी एकदा पायावरून गेली आणि नख काळं पडलं. वारा वाढला की शीड खाली घेऊन लहान कसं करायचं, भरती-ओहोटीचा दोर किती सोडायचा, होकायंत्र आणि दीपगृह बघून नकाशावर आपण कुठे आहोत ते कसं काढायचं, एकेक करत शिकायला घेतलं.

दोर आधी आले. ज्या संध्याकाळी मी पहिल्यांदा दोर बिनचूक सोडले, त्याच्यानंतर पहाटे त्यांना कोणी हात लावला नाही. मला वाटलं, गरजच नव्हती. मग इंजिन जमलं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवसापासून झाकणाच्या फटीतून डिझेलचा वास यायचा बंद झाला. नुसती ओली लोकर उरली. नांगर जमल्यावर पुढच्या टोकाकडे जाणारी पावलं थांबली. आता हे फक्त चाकाशी असायचे.

एका पहाटे मी पडल्या पडल्या हिशेब लावला आणि उठून बसले. मी एक काम शिकले की हे ते काम मला देऊन टाकत होते. आता शिडं आणि नकाशा एवढंच उरलं होतं. ते आलं की देण्यासारखं काही राहणार नव्हतं.

त्या दिवसापासून माझा अभ्यास बिघडला. दीपगृहाचा कोन मी चुकीचा घेऊ लागले. शीड लहान करताना दोर मुद्दाम अडकवायची. दहा वेळा सांगितलं तरी अकराव्यांदा विचारायची. डॉक्टरांनी काही दिवस सोसलं. मग एकदा नकाशावर पेन्सिल ठेवून म्हणाले, "वहिनी, तुम्हाला येतंय. तुम्ही येत नाही असं दाखवताय."

मी पेन्सिल उचलून तिचं टोक बघत बसले.

"काय झालंय?"

"सगळं आलं तर ते जातील," मी म्हणून गेले.

डॉक्टर हसले नाहीत. खिडकीतून आमच्या बोटीकडे, चाकाकडे बघत राहिले. हळू आवाजात म्हणाले, "मीही बघतो पहाटे. बोललो नाही तुम्हाला." मग म्हणाले, "आमची ही शेवटी फार दमली होती. मी म्हणायचो, अजून थोडे दिवस, अजून थोडे दिवस. माझ्यासाठी थांबली बिचारी. नको होतं तसं करायला."

मी उठून आले. शिकवणी बंद केली. झाकण लावून, कानावर उशी दाबून पडायचं ठरवलं. ह्यांना ठेवून घ्यायचं, बास. थकले तर थकले. मी काय थकले नव्हते? मला एकटीला सोडून जायला मी काय त्यांना सांगितलं होतं?

पण आवाज फळीतून येतो, उशीने थांबत नाही. एका पहाटे वर कोणीतरी पडलं. धपकन, गुडघ्यांवर. मग चाकाला धरून उठायचा प्रयत्न, आणि पुन्हा पडणं. आणि मग मी आयुष्यात एकदाच ऐकला होता तो आवाज, ह्यांची आई गेली तेव्हाचा. हे रडत होते. मोठ्या माणसाने तोंडात रुमाल कोंबून रडावं तसे, मला ऐकू जाऊ नये म्हणून.

सकाळी मी डॉक्टरांकडे गेले आणि म्हटलं, नकाशा आणा.

उरलेलं शिकायला फार दिवस लागले नाहीत. मग वाऱ्याचा अंदाज बघून मी एकटीने निघायचं ठरवलं. पुढचं बंदर एका रात्रीच्या अंतरावर होतं. डॉक्टर रस्त्याने तिथे जाऊन थांबणार होते. लेकीला फोन केला. ती आधी भांडली, मग म्हणाली, "आई, तिथून थेट घरी ये. मी येते धक्क्यावर." मी हो म्हटलं, आणि या वेळी खरंच तसं मनात होतं. ह्यांना सोडवायचं आणि घरी जायचं.

संध्याकाळी दोर सोडले. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. बंदराबाहेर शीड चढवलं, ते भरलं, आणि बोट एका अंगावर कलून चालू लागली. इंजिन बंद केल्यावर जी शांतता होते ती मी विसरूनच गेले होते. सगळं मी केलं. माझ्या सोलवटलेल्या हातांनी. कोणाला तरी दाखवावंसं वाटत होतं.

अंधार पडला तशी मी डॉक्टरांनी बसवून दिलेला, आपोआप दिशा धरणारा ऑटोपायलट लावला, चाक मोकळं केलं, दिवे पाहिले, आणि खाली जाऊन बर्थवर पडले. शहाण्या माणसाने असं करू नये. पण रात्र ह्यांची होती, आमचं ठरलेलं होतं. थोड्या वेळात डोक्यावर पाऊल वाजलं. अशक्त, पण वाजलं. मला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

टकटक झाली. दोनदा.

मी उठले. पट्टा चढवला, शिडी चढून झाकण सरकवलं. बाहेर धुकं होतं. उजाडलेलं होतं, पण त्या उजेडाला दिशा नव्हती, सगळीकडून सारखाच पांढरा. डोलकाठी अर्ध्यावर संपत होती. पाण्याचा आवाज यायचा, पाणी दिसायचं नाही. ओल्या लोकरीचा वास इतका दाट होता की मला उबळ आली. ऑटोपायलट बंद होता. मी बंद केलेला नव्हता. आणि चाक सरळ होतं, फक्त सारखं थरथरत होतं.

मी पट्टा कड्यात अडकवला. चाकावर हात ठेवले. जिथे ठेवले तिथे ते गरम होतं.

माझ्या कानापाशी आवाज आला. घसा बसलेला, दमलेला, पण ह्यांचाच.

"बोट तुझी."

मी पुढच्या शब्दांची वाट पाहिली. पुढे काही नव्हतं. शेपूट नव्हतं. पूर्ण बोट दिली होती.

आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी बोलत नाही तोवर हे आहेत, एवढं एकच डोक्यात होतं. चाकाची थरथर माझ्या मनगटात, कोपरात चढत होती. ह्यांचे हात माझ्या हातांच्या इतके जवळ होते. "अहो," मी म्हटलं, "जरा बसा ना... चहा टाकते..." श्वास तेवढा, शेवटी अडकणारा. त्या माणसाने मला कधी घाई केली नव्हती, तेव्हाही केली नाही. उभे राहिले.

"बोट माझी," मी म्हटलं.

चाकाचा भार एकदम माझ्या हातात आला. इतका की मी पुढे झुकले. थरथर थांबली. माझ्या बाजूने गार हवा सरकली, आणि शिडीच्या पायऱ्या वाजल्या. एक, दुसरी, तिसरी, चौथी. सावकाश. खाली माझा बर्थ करकरला. एक लांब उसासा, पाठ टेकल्यावर माणूस सोडतो तसा. मी रडत होते आणि हसतही होते. झोपा, म्हणत होते. झोपा आता, पोटभर झोपा.

मग खालून आवाज आला. बाईचा होता, अर्धवट झोपेतला, जड. मला तो ओळखायला वेळ लागला, कारण आपला आवाज आपण बाहेरून कधी ऐकत नाही.

"अहो... आलात? मग वर कोण आहे?"

बर्थ पुन्हा करकरला. कोणीतरी कोणालातरी जागा करून देत होतं, पांघरूण ओढून घेत होतं.

"कोणी नाही गं," हे म्हणाले. "झोप तू."

मी खाली धावायला गेले, पण माझे हात चाकावरून निघेनात; माझ्याकडून ते घ्यायला वर कोणी नव्हतं. मी हाक मारली. दोनदा, तीनदा मारली. धुक्यात ती कुठवर गेली ठाऊक नाही. माझ्या समोर झाकण हळूच आतून सरकलं, बंद झालं, आणि कडी लागली.